स्वभावाला औषध नाही, हे बंडुरांना मान्य झाले असते का?

पाठीवरचा_डबा

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात, मी पोहायला शिकलो. नऊ वर्षांचा असताना आजोळच्या विहिरीत एका मामेभावाने गंमत म्हणून मला ढकलले होते. बाहेर काढेपर्यंत झालेली ती घालमेल पुढे पंचेचाळीस वर्षे अंगात राहिली आणि गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात मी पाऊल टाकले नाही. थोरल्या बंधूंचा यावरचा निकाल ठरलेला असे: "हा मुळातच भित्रा. स्वभावाला औषध नाही."

स्वेच्छानिवृत्तीनंतर मी दूरशिक्षणाने मानसशास्त्रात एम.ए. करतो आहे आणि व्यक्तिमत्त्वाच्या विषयात सध्या सामाजिक-बोधनिक सिद्धांत वाचतो आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांचे म्हणणे मला समजले ते असे: माणसाचे वागणे केवळ आतल्या स्वभावातून उगवत नाही आणि केवळ बाहेरच्या बक्षीस-शिक्षेनेही घडत नाही, त्याचे विचार, त्याचे वागणे आणि त्याचा परिसर हे तिन्ही एकमेकांना सतत घडवीत असतात. १९७७ मध्ये त्यांनी या मांडणीत स्व-सक्षमतेची कल्पना आणली. अमुक काम अमुक परिस्थितीत मला जमेल की नाही, हा आपला आपल्याविषयीचा अंदाज म्हणजे स्व-सक्षमता. हा अंदाज चार वाटांनी बनतो. त्यांतली सर्वांत भक्कम वाट स्वतः करून पाहण्याची. बाकीच्या तीन म्हणजे आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाने धीर देणे, आणि छातीतल्या धडधडीचा आपण लावलेला अर्थ.

हे वाचताना मला तलावावरचे आमचे प्रशिक्षक आठवले. "घाबरू नका" हे शब्द त्यांनी एकदाही उच्चारले नाहीत. पहिले चार दिवस त्यांनी मला पायरीवर बसवून पाण्यात फक्त बुडबुडे काढायला लावले, मग कठडा धरून पाय मारायला, मग थर्माकोलची फळी. आजोळी हेच काम पाठीला बांधलेला पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचा बिंडा करीत असे. फळी कधी काढून घेतली, हे मला पलीकडच्या काठाला हात लागल्यावर कळले.

माझा प्रश्न असा आहे. यात माझा स्वभाव बदलला, की स्वभाव आहे तसाच राहून एक कौशल्य तेवढे हाती आले? बंधूंचे म्हणणे दुसरे आहे. आपल्याला काय वाटते?

शंकेखोर

आपले अभिनंदन; पण मी आपल्या बंधूंच्या बाजूने उभा राहतो. गुणविशेषांचा अभ्यास करणाऱ्यांनी बहिर्मुखता, भावनिक अस्थिरता इत्यादी पाच घटक अनेक देशांत आणि अनेक भाषांत तपासले आहेत. प्रौढपणी ते बऱ्यापैकी स्थिर असतात, आणि जुळ्यांच्या अभ्यासांनुसार माणसामाणसांतल्या फरकापैकी सुमारे चाळीस ते पन्नास टक्के वाटा आनुवंशिकतेकडे जातो. आपण पोहायला शिकलात, पण रात्री उशिरा दूरध्वनी वाजला की आपल्या पोटात गोळा येतो का? येत असेल, तर अस्थिरतेचा घटक जागच्या जागीच आहे.

बंडुरांचा सिद्धांत मला वागणुकीचा सिद्धांत वाटतो, व्यक्तिमत्त्वाचा नव्हे.

तिरपागडे

रात्री उशिरा दूरध्वनी वाजल्यावर ज्याच्या पोटात गोळा येत नाही, त्याच्या घरी उपवर मुले किंवा म्हातारे आईवडील नसावेत. हा गुणविशेष नव्हे, प्रपंच आहे.

शब्दवेडा

अवांतराबद्दल क्षमस्व, पण मूळ इंग्रजी संज्ञा सेल्फ-एफिकसी अशी आहे आणि मराठीत तिचे चार-पाच अवतार फिरतात: स्व-सक्षमता, स्व-परिणामकारकता, आत्मकार्यक्षमता, आणि वर्तमानपत्री लेखांत सरळ "आत्मविश्वास". यांतला शेवटचा सर्वांत घातक. आत्मविश्वास हा शब्द आपण माणसाच्या एकूण वृत्तीसाठी वापरतो, तर बंडुरांचा भर नेमका उलट आहे. त्यांच्या लेखी हा अंदाज कामागणिक वेगळा असतो. स्वयंपाकघरात तो उंच, मंचावर ठेंगणा आणि पाण्यात शून्य असू शकतो. आत्मसन्मान ही तर आणखी निराळी गोष्ट झाली. मला पेटी वाजवता येत नाही हे मला पक्के ठाऊक आहे, पण त्यामुळे माझी स्वतःविषयीची किंमत तसूभरही कमी होत नाही.

मराठीत याला सर्वांत जवळचा मला "जमेल" हा एकच शब्द वाटतो. बोलणारा नेहमी अमुक एका कामाकडे पाहूनच तो उच्चारतो.

चांदणी

शब्दवेडा यांच्या "जमेल"ला पूर्ण अनुमोदन. मी समुपदेशक आहे, आणि शंकेखोर यांच्या आक्षेपाला उत्तर म्हणून एक जुना प्रयोग सांगते.

१९६९ मध्ये बंडुरा, ब्लँचार्ड आणि रिटर यांनी सापाची तीव्र भीती असलेल्या लोकांवर उपचारांची तुलना केली. हे लोक सापाच्या भयाने बागेत काम करणे किंवा सहलीला जाणेही टाळीत. काहींना न घाबरता साप हाताळणाऱ्या माणसांचा चित्रपट दाखवला, काहींना शिथिलीकरणाबरोबर कल्पनेत हळूहळू सापाजवळ नेले, तर काहींसमोर उपचारकाने बिनविषारी साप स्वतः हाताळला आणि मग त्यांचा हात धरून आधी हातमोजे घालून व नंतर उघड्या हाताने सापाला स्पर्श करायला लावला. या शेवटच्या गटातल्या ब्याण्णव टक्के लोकांची भीती जवळजवळ नाहीशी झाली. कोणताही दुसरा गट तिथवर पोहोचला नाही. या प्रश्नाच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की सापाशी संबंध नसलेल्या इतर भीतीही त्यांच्यात काही प्रमाणात ओसरल्या. म्हणजे कौशल्य एका जागी शिकले, तरी त्याची ओल शेजारच्या वाफ्यात झिरपते. किती झिरपते, हा अर्थातच खरा प्रश्न आहे.

आधार देणे आणि तो वेळेवर काढून घेणे, हे दोन्ही त्या पद्धतीत येते. शेवटी साप एकट्याने हाताळावा लागतो, नाहीतर माणूस म्हणतो, "उपचारक शेजारी होते म्हणून जमले." डबा कायम पाठीवर राहिला, तर श्रेय डब्यालाच जाते.

पाठीवरचा_डबा

चांदणी, "श्रेय डब्यालाच जाते" हे मी वहीत लिहून घेतले आहे.

शंकेखोर यांना प्रामाणिक उत्तर: होय, गोळा येतो. पण पूर्वी मी सकाळपर्यंत जागा राहत असे, आता दूरध्वनी उचलतो. याला काय म्हणायचे?

दूरदेशी

मी बोस्टनजवळ एका महाविद्यालयात शिकवतो. शंकेखोर आणि धागालेखक यांचा हा वाद जवळपास याच शब्दांत १९६८ मध्ये होऊन गेला आहे. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी त्या वर्षी असे दाखवले, की व्यक्तिमत्त्वाच्या चाचणीवरून एखाद्या प्रसंगातले वागणे ओळखायला गेले तर सहसंबंध (काहीच न जुळल्यास ०, पूर्ण जुळल्यास १) सहसा ०.३०च्या वर जात नाही. खळबळ उडाली. गुणविशेषवाद्यांचे उत्तरही तोलामोलाचे होते: एका प्रसंगावर जाऊ नका, अनेक दिवसांच्या वागण्याची सरासरी काढा, मग सातत्य स्पष्ट दिसते. सेमूर एपस्टाइन यांनी १९७९ मध्ये ते आकड्यांनी दाखवले.

पुढे मिशेल आणि युइची शोडा यांनी जी वाट काढली ती मला फार आवडते. उन्हाळी शिबिरातल्या मुलांचे त्यांनी दिवसचे दिवस निरीक्षण केले. दोन मुलांची आक्रमकता सरासरीने सारखीच भरे, पण एक मूल सवंगड्यांनी चिडवले की उसळे, तर दुसरे मोठ्या माणसाने दटावले की. आणि हा "असे झाले तर तसे" नमुना त्या त्या मुलात टिकून असे. आपल्याकडे "घरी वाघ आणि बाहेर शेळी" म्हणतात, ते विसंगती दाखवण्यासाठी. मिशेल म्हणतील की वाघ कुठे आणि शेळी कुठे, हा आराखडा हेच त्या माणसाचे व्यक्तिमत्त्व. धागालेखकांच्या आराखड्यातली एक ओळ बदलली आहे: पाणी दिसले तर मागे फिरणे, ही.

तिरपागडे

माझ्या आराखड्यात वाघाचा रकाना रिकामाच दिसतो. घरी चौकशी करून सांगतो.

कट्ट्यावरची_मावशी

मिशेल म्हणजे मार्शमॅलोवाले ना? आमच्या सोसायटीत एका व्याख्यात्याने तो प्रयोग सांगून सगळ्या आयांना धास्तावून सोडले होते. ज्या मुलाला पुढे दुसरी मिळावी म्हणून पंधरा मिनिटे समोरची मार्शमॅलोची गोड गोळी न खाता थांबता येत नाही त्याचे पुढे काही खरे नाही, असा एकूण सूर होता. त्या आठवड्यात निम्म्या घरांत मुलांसमोर पेढा ठेवून आया घड्याळ लावून बसल्या होत्या.

दूरदेशी

मावशी, त्या व्याख्यात्यांनी गोष्ट अर्ध्यावरच सोडली. मिशेल यांचा स्वतःचा रस मुले थांबतात कशी यात होता. गोळी झाकली, किंवा "हा मऊ ढग आहे" अशी कल्पना करायला सांगितले, की तेच मूल पुष्कळ जास्त वेळ थांबे. म्हणजे थांबणे हा उपजत साठा नसून बरीचशी शिकता येणारी युक्ती आहे. २०१३ मध्ये सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी आधी मुलांना दिलेला शब्द पाळणारा किंवा मोडणारा माणूस दाखवला आणि मग गोळी ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुले सरासरी बारा मिनिटे थांबली, फसवलेली तीन. ज्याचा शब्द खोटा ठरतो त्याच्यासाठी कोण थांबेल? आणि २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांच्या माहितीवर वॉट्स, डंकन व क्वान यांनी जुना निष्कर्ष तपासला, तेव्हा चार वर्षांच्या वयातले थांबणे आणि पंधराव्या वर्षीचे यश यांचा संबंध मूळच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती वगैरे गोष्टी हिशेबात घेतल्यावर तोही बहुतांशी विरघळला.

कट्ट्यावरची_मावशी

हे त्याच सभागृहात सांगायला या. पेढे मी आणते.

आता माझे दोन पैसे. "आपल्यासारख्या कुणाला तरी पाहणे" ही वाट वाटते तितकी सरळ नाही. मेक्सिकोत मिगेल साबिडो यांनी बंडुरांच्या कल्पना वापरून १९७५ मध्ये प्रौढ साक्षरतेवर दूरचित्रवाणी मालिका केली, तेव्हा अभ्यासवर्गांकडे लोकांचा लोंढा लागला. तोच नमुना समोर ठेवून आपल्या दूरदर्शनने १९८४-८५ मध्ये "हम लोग" आणली. एकशे छप्पन भाग, आणि प्रत्येकाच्या शेवटी अशोक कुमार प्रेक्षकांशी बोलत. आमच्या चाळीत तेव्हा दोनच संच होते, त्यामुळे ती मालिका मी उभ्याने पाहिली आहे. घरासाठी सतत झिजणारी आई भागवंती ही "असे होऊ नका" म्हणून योजलेली व्यक्तिरेखा होती. पण अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी प्रेक्षकांचा अभ्यास केला तेव्हा कितीतरी जणांना, बायकांनाही, तीच आदर्श वाटल्याचे आढळले. मला त्याचे मुळीच नवल वाटले नाही. आमच्या चाळीतल्या प्रत्येक सासूने तेव्हा सुनेला भागवंतीचेच उदाहरण दिले होते. समोर कोण ठेवले हे लेखक ठरवतो, पण त्यातून काय उचलायचे ते बघणारा ठरवतो.

चांदणी

मावशींचा मुद्दा बंडुरांच्या सर्वांत प्रसिद्ध प्रयोगातही दडलेला आहे. १९६१ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीतल्या बहात्तर मुलांवर केलेला बोबो बाहुलीचा प्रयोग बहुतेकांना ठाऊक असतो: मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला बडवलेले पाहिले की मुलेही बडवतात. टीकाकार म्हणतात की ती बाहुली बडवण्यासाठीच बनवलेली असते, आणि ते खोटे नाही. पण १९६५चा पुढचा प्रयोग अधिक खोल आहे. बडवणाऱ्याला शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी त्याचे अनुकरण कमी केले. मात्र नंतर "जे पाहिलेस ते करून दाखव, बक्षीस देऊ" असे म्हटल्यावर शिक्षा पाहिलेल्या मुलांनीही इतरांइतकेच करून दाखवले. शिकणे आधीच झाले होते, दिसले नव्हते इतकेच. धागालेखकांनी तलावाच्या काठावर बसून वर्षानुवर्षे जे पाहिले असेल, तेही असेच आत साठलेले असणार.

रानजाई

मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे आणि हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांबरोबर काम करते. या क्षेत्रात बंडुरांचा सहभाग असलेला १९८५चा एक छोटा अभ्यास मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. झटक्यातून सावरणारे पुरुष चालत्या पट्ट्यावर चाचणी देत. काही पत्नी बाहेर थांबल्या, काहींनी चाचणी पाहिली, आणि काहींनी पतीने गाठलेल्या कमाल वेगावर व चढावर स्वतः तीन मिनिटे चालून बघितले. पतीचे हृदय किती ताण सोसू शकते याविषयीचा विश्वास या शेवटच्या गटातच ठळकपणे वाढला. नुसते पाहणाऱ्या बायकांना पतीची दमछाकच तेवढी दिसली होती.

आमच्याकडे रुग्ण चालायला तयार असतो, पण घरचे त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाहीत. "परिसर" हा शब्द पुस्तकात फार कोरडा वाटतो. प्रत्यक्षात तो दारात उभा राहून "तुम्ही बसा हो" म्हणत असतो. मी आता घरच्या एका माणसाला सोबत चालायला लावल्याशिवाय सोडत नाही.

घाटमाथा

हा धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. मी दोन वर्षे शहरात मोटार चालवते. गेल्या पावसाळ्यात जुन्या कात्रज घाटात चढावर गाडी बंद पडली, मागे सरकू लागली आणि मागच्या रांगेने भोंगे वाजवून जीव नकोसा केला. तेव्हापासून घाट म्हटले की मी किल्ली यजमानांच्या हाती देते. ते म्हणतात, "तू उत्तम चालवतेस, उगाच बाऊ करतेस." याचा काडीचाही उपयोग होत नाही. काय करावे?

समुद्रफेणी

घाटमाथा यांना जाणकार उत्तर देतीलच; मी मात्र एक उलटी बाजू मांडतो. माझे गाव गुहागर तालुक्यात आहे. दर सुट्टीत शहरातून येणारी, तलावात तासभर पोहू शकणारी तरणीताठी मुले आम्ही सांगत असताना समुद्रात शिरतात, कारण "आम्हाला पोहता येते." त्यांची ही सक्षमता खरीच असते, फक्त ती स्थिर पाण्यातली असते; ओढीच्या पाण्यात तिचा उपयोग नाही. गणपतीपुळ्याला इशाऱ्याचे फलक उगाच लावलेले नाहीत. "जमेल" ही भावना वाढवावी एवढेच सगळे सांगतात, ती योग्य मापाची असावी असे कुणी सांगत नाही.

शंकेखोर

समुद्रफेणी यांच्या निरीक्षणाला संशोधनाचा आधार आहे. जेफ्री व्हँकुव्हर यांनी तर्काच्या खेळांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की एकाच माणसाच्या बाबतीत आधीच्या डावानंतर स्व-सक्षमता वाढली की पुढच्या डावात तो निष्काळजी होऊन कामगिरी घसरू शकते. बंडुरांनी यावर कडाडून टीका केली. माझ्या मते दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत: नवे, भीतीचे काम सुरू करताना बंडुरा उपयोगी, सरावाचे काम करताना व्हँकुव्हर.

चांदणी

घाटमाथा, आपले यजमान चार वाटांपैकी नुसता धीर देण्याची कच्ची वाट वापरत आहेत. "तू उत्तम चालवतेस" हे वाक्य चढावर पहिल्यांदा गाडी मागे सरकली की खोटे पडते, आणि पुढे त्यांच्या शब्दालाही वजन उरत नाही. हे काम पायऱ्यांनीच होईल. आधी रविवारी पहाटे सोसायटीच्या किंवा एखाद्या मोकळ्या उताराच्या रस्त्यावर जाऊन मुद्दाम चढावर थांबा. हातब्रेक, अर्धा क्लच आणि पुन्हा सुरुवात, असे वीस वेळा करा. गाडी बंद पडू द्या, पडली की सुरू करा. पुन्हा सुरू करता येते, हेच तर शिकायचे आहे. मग घाट, पण गर्दी नसलेल्या वेळी आणि शेजारी कुणाला तरी घेऊन. त्यानंतर एकट्याने. शेजारी यजमानांऐवजी अलीकडेच घाट चालवायला शिकलेली एखादी मैत्रीण असेल तर उत्तम, कारण तीस वर्षे सराईत असलेल्या माणसाकडे पाहून "यांना जमते, मला कसे जमेल" असेच वाटते. आणि छाती धडधडली तर ती भीतीची खूण आहे असे लगेच ठरवू नका. चढावर इंजिनही जोरातच चालते.

रानजाई

यजमानांना एकदा मागच्या आसनावर बसवून तोंड बंद ठेवण्याचा सरावही द्यावा.

शंकेखोर

मूळ प्रश्नाकडे परततो, कारण मला माझे पहिले मत थोडे मागे घ्यावे लागत आहे. २०१७ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी दोनशे सात अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उपचार घेतलेल्यांच्या गुणविशेषांतच, विशेषतः भावनिक स्थिरतेत, सरासरी चोवीस आठवड्यांत मोजण्याजोगा बदल आढळला. तेव्हा औषध मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. मात्र ते अभ्यास मुख्यतः मानसोपचाराचे आहेत, पोहण्याचे नव्हेत. एका उन्हाळ्याच्या पोहण्याने स्वभाव बदलला, हे मला अजूनही मान्य नाही.

पाठीवरचा_डबा

मलाही आता तसे म्हणायचे नाही. दूरदेशींची "आराखड्यातली एक ओळ" मला सर्वांत पटली. बंधूंना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, "एक ओळ बदलली म्हणून पोथी बदलत नाही." मी त्यांना विचारले, की पंचेचाळीस वर्षे त्या एकाच ओळीवरून पोथीचे नाव कुणी ठेवले होते? ते हसले आणि चहा घ्यायला उठले. दिवाळीत आजोळी जाणार आहे. विहीर अजून आहे, पायऱ्या खचल्या आहेत असे कळते. समुद्रफेणींचा इशारा लक्षात ठेवून दोर आणि पोहणारा माणूस सोबत नेईन, कारण तलावातले पोहणे वेगळे आणि काळ्या पाण्याच्या विहिरीतले वेगळे.

घाटमाथा

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. उताराच्या रस्त्यावर वीस नव्हे, साठेक वेळा थांबले. काल सकाळी सहा वाजता एका मैत्रिणीला घेऊन घाट चढले. गाडी दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी मागून ट्रकने भोंगा वाजवला. मी हातब्रेक ओढला, काच खाली केली आणि त्याला हाताने पुढे जा अशी खूण केली. तो गेला. एकटीने जाण्याचे अजून धाडस नाही.

चांदणी

पुढच्या रविवारी तीच वेळ, तोच घाट. मैत्रिणीला मागे बसवा.